लोखंडाशी मैत्री : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मुलांनो, विहिरीवरच्या पंपावर किंवा शेतातल्या डिझेल इंजिनावर ‘किर्लोस्कर’ हे नाव तुम्ही अनेकदा पाहिले असेल. आपल्या कोपरगाव तालुक्यात तर वाचता न येणारा शेतकरीही हे नाव ओळखतो. पण या नावामागे एक माणूस होता. तो आधी चित्रकार व्हायला निघाला होता, मग शिक्षक झाला आणि शेवटी कारखानदार झाला. त्या माणसाची ही गोष्ट आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्या वेळी हा भाग मुंबई इलाख्यात होता. आता तो कर्नाटक राज्यात आहे. घरात विद्येची परंपरा होती. मुलाने चांगले शिकावे आणि सरकारी नोकरी धरावी, अशीच त्या काळातल्या वडीलधाऱ्यांची इच्छा असे. लक्ष्मणचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत फारसे रमत नसे. त्याला दोन गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रांचा. एखादी वस्तू कशी चालते, हे ती उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्याचे थोरले बंधू रामचंद्र यांना सगळे रामूअण्णा म्हणत. त्यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला आणि त्याच्या शिक्षणाला मदत केली. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या चित्रकलेच्या शाळेत दाखल झाले. तेथे एक अडचण उभी राहिली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही, असे दिसून आले. हा दोष जन्मापासूनच डोळ्यांत असतो आणि त्यावर औषध नाही. चित्रकाराला रंगच ओळखता येत नसतील तर तो काय करणार? दुसरा एखादा मुलगा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची चित्रे, म्हणजे नकाशे, काळ्या रेषेतच काढतात. तेथे रंगांची गरज नसते. त्यांनी यांत्रिक चित्रकलेचा अभ्यास केला.

या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ मध्ये सुरू झाली होती. आज ती माटुंग्याला आहे आणि वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. लक्ष्मणराव वर्गात नकाशे काढायला शिकवत आणि उरलेला वेळ संस्थेच्या कारखान्यात घालवत. वाफेचे इंजिन कसे चालते, लेथवर लोखंड कसे कापतात, बिघडलेले यंत्र कसे खोलतात आणि पुन्हा कसे जोडतात, हे सारे त्यांनी तेथे स्वतःच्या हातांनी केले. लेथ म्हणजे ज्याला उर्दूत आपण ‘खराद’ म्हणतो ते यंत्र. कारखाना, कारागीर, पेच हे शब्द तर मराठीत आणि उर्दूत जवळजवळ एकच आहेत. कारागिरांच्या दुकानात दोन्ही भाषा फार पूर्वीपासून शेजारी बसत आल्या आहेत.

मुंबईत असतानाच १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत. रामूअण्णा त्या विकत, आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव या दुकानापासूनचे आहे. ‘ब्रदर्स’ म्हणजे भाऊ.

काही वर्षांनी संस्थेत बढतीची जागा निघाली. लक्ष्मणरावांचे काम चांगले होते आणि अनुभवही होता. तरी ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते, आणि असे प्रकार अनेक कचेऱ्यांत घडत. माझ्या मते या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय लक्ष्मणरावांनी येथे घेतला. दर महिन्याला हाती पडणारा पगार सोडायचा आणि बेळगावला जाऊन स्वतःचा कारखाना काढायचा! ही उडी धाडसाची होती. जवळ भांडवल थोडे होते आणि घरसंसार मागे होता.

बेळगावात त्यांनी छोटा कारखाना उभा केला. सायकल दुरुस्तीपासून सुरुवात झाली. त्यांचे लक्ष मात्र शेतीकडे होते. गुरांना घालायचा कडबा शेतकरी विळ्याने तोडत. अख्खा कडबा टाकला तर गुरे पाने खातात आणि धांडे तुडवून वाया घालवतात. कडब्याचे बारीक तुकडे केले तर तेवढ्याच चाऱ्यात जास्त दिवस निघतात. म्हणून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. आपल्याकडे गोठ्यांत आजही कुट्टीचे यंत्र दिसते, ते याच जातीचे.

यानंतर त्यांनी नांगराचे काम हाती घेतले. पण ती हकिकत सांगण्यापूर्वी जरा दुसऱ्या एका गोष्टीचा विचार करू. लोखंड फार जड असते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा बिडाचा ठोकळा घेतला, तर त्याचे वजन सुमारे २०० किलो भरते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ज्याला लोखंडाचा कारखाना चालवायचा आहे, त्याला रोज असे ठोकळे, यंत्रांचे सांगाडे, साच्यांच्या पेट्या आणि जड चाके उचलावी, फिरवावी आणि नेमक्या जागी ठेवावी लागतात. मोठ्या कारखान्यात छताखाली धावणारी क्रेन असते. छोट्या कारखान्याकडे ती नसते. मग तो काय करतो?

तो कप्पी वापरतो. कप्पी म्हणजे कडेला खाच असलेले चाक. उर्दूत आपण तिला ‘चरखी’ म्हणतो. विहिरीवरची कप्पी तुम्ही पाहिली आहे. ती आडाला पक्की बांधलेली असते. तिच्यामुळे दोर खाली ओढला की बादली वर येते. ओढायची दिशा बदलते, पण जोर तेवढाच लावावा लागतो. आता दोराचे एक टोक वरच्या आडाला बांधा आणि कप्पी ओझ्यालाच लावा. म्हणजे ती ओझ्याबरोबर वर सरकेल. अशा वेळी ओझ्याचा अर्धा भार आड पेलतो आणि अर्धाच आपल्या हाताला येतो. वर दोन आणि खाली दोन अशा चार कप्प्या लावल्या, तर ४०० किलोचे ओझे सुमारे १०० किलोच्या जोराने हलते. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त जोर लागतो. मात्र यात काही फुकट मिळत नाही. जोर चौपट कमी झाला, तर दोर चौपट लांब ओढावा लागतो. ओझे एक फूट वर यायला चार फूट दोर हातातून जातो.

ही युक्ती आपल्या शेतकऱ्याला नवी नव्हती. मोट आठवा. विहिरीच्या काठावर चाक बसवलेले असे. त्यावरून नाडा, म्हणजे जाड दोर, खाली जाई. त्याच्या टोकाला चामड्याची मोट असे. बैल धावेवरून, म्हणजे उताराच्या वाटेवरून, खाली चालत आणि मोट वर येई. धाव उताराची का ठेवत? कारण उतारावर बैलांचे स्वतःचे वजनही ओढायला मदत करते. ज्याने पहिल्यांदा अशी धाव आखली, त्याने कोणतेही पुस्तक वाचले नसेल, पण त्याला वजनाचे गणित पक्के ठाऊक होते.

आज कोपरगावातल्या एखाद्या गॅरेजमध्ये गेलात, तर तेथे तीन पायांची लोखंडी घोडी दिसेल. तिच्या माथ्याला चेन पुली टांगलेली असते. दोराऐवजी साखळी आणि कप्प्यांबरोबर आत दातेरी चाके, अशी तिची रचना असते. साखळी सोडली तरी ओझे खाली घसरत नाही, कारण आत अडकवण असते. एकटा माणूस ट्रॅक्टरचे इंजिन तिने अलगद बाहेर काढतो. काही कारागीर घरच्या शेडमध्ये अशी सोय स्वतःच करतात. दोन बाजूंना पाइपांचे मजबूत पाय, त्यांवर आडवा गर्डर आणि गर्डरवर सरकणारी गाडी. गाडीला चेन पुली अडकवली की ओझे वरही जाते आणि पुढे-मागेही सरकते. पण ज्याला हे करायचे आहे त्याने तीन गोष्टी कधी विसरू नयेत. घोडीचे पाय खालून साखळीने बांधावे, नाहीतर भार येताच ते फाकतात. नवी घोडी लगेच कामाला लावू नये. नेहमीच्या ओझ्यापेक्षा थोडे जास्त वजन आधी वीतभर उचलून, थोडा वेळ तसेच ठेवून, जोड तपासावे. आणि टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही उभे राहू नये. घरच्या छताच्या वाशाला चेन पुली अडकवणारा माणूस घर आणि जीव दोन्ही पणाला लावतो.

लक्ष्मणरावांच्या काळात चेन पुली विलायतेहून येत असे आणि ती महाग पडे. छोट्या कारखान्यांतले लोक लाकडी बल्ल्या, दोर, कप्प्या, पहारी आणि गोल ओंडके यांवरच काम भागवत. जड यंत्राखाली ओंडके सरकवायचे, पहारीने रेटायचे आणि मागचा ओंडका उचलून पुढे टाकायचा. अशा रीतीने यंत्र हातभर हातभर पुढे जाई. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने डोके वापरायचे, ही त्या काळच्या कारागिराची रीतच होती.

आता नांगराकडे वळू. आपला जुना नांगर लाकडी. तो जमीन चिरतो, पण उलटवत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगराने ती निघत नाहीत. लोखंडी नांगर मातीचा थर उचलून पालथा घालतो. मुळे वर येतात आणि उन्हात वाळतात. असे नांगर इंग्लंडहून येत. लक्ष्मणरावांनी ते बारकाईने पाहिले आणि तसा नांगर बेळगावात बनवायचे ठरवले. १९०३ च्या सुमारास किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? शेतकऱ्यांत अशी समजूत होती की लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि पीक जळते. सुरुवातीचे नांगर जवळजवळ दोन वर्षे पडून राहिले. कारखान्यात गुंतवलेले पैसे अडकले. या शेतकऱ्यांना आपण हसू नये. त्यांच्याजवळ तेवढीच जमीन होती. एक हंगाम बुडाला तर सावकाराचे दार गाठावे लागे. नव्या वस्तूची भीती गरिबाला जास्त वाटते, कारण चूक झाली तर ती निस्तरण्याची ताकद त्याच्यात नसते. लक्ष्मणरावही शेतकऱ्यांवर चिडले नाहीत. नांगरात काय कमी आहे, हे ते विचारत राहिले आणि त्यात बदल करत राहिले. फाळाचे लोखंड मऊ असले तर ते लवकर झिजते. फार कठीण असले तर दगडाला लागून तुटते. यांच्या मधला नेमका कठीणपणा साधणे हे ओतकामातले अवघड काम आहे. हळूहळू काही शेतकऱ्यांनी नांगर नेले. त्यांची शेते शेजाऱ्यांनी पाहिली, आणि मग मागणी वाढू लागली.

आता दिवस बरे येणार असे वाटत असतानाच नवे संकट आले. ज्या जागेवर कारखाना होता, ती बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. जागा सोडणे भाग होते. कारखाना म्हणजे पेटीत भरून न्यायचे सामान नव्हे. भट्टी उखडावी लागते, यंत्रे पायांतून काढावी लागतात. नवी जागा मिळाली नाही, तर इतक्या वर्षांची मेहनत भंगारात जाणार होती.

अशा वेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. औंध हे साताऱ्याच्या बाजूचे एक छोटे संस्थान होते. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांना चांगले ओळखत होते. औंधच्या देवळासमोरील सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले होते. मंडपाचे खांब आणि छताचे भाग उंचावर चढवायचे म्हणजे पुन्हा बल्ल्या, दोर आणि कप्प्यांचेच काम. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात कोठेही जागा निवडा, असे लक्ष्मणरावांना कळवले आणि कर्जाऊ रक्कमही देऊ केली.

लक्ष्मणरावांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन निवडली. जमीन कसली, तो उजाड माळ होता. निवडुंगाची दाट बेटे, दगडधोंडे आणि विषारी नाग. पाण्याचीही टंचाई होती. पण रेल्वे जवळ होती, आणि जड लोखंड आणायचे व तयार नांगर पाठवायचे तर रेल्वेपेक्षा स्वस्त वाट नव्हती. जागा निवडताना त्यांनी झाडांची सावली पाहिली नाही, ओझ्याची वाट पाहिली. १० मार्च १९१० रोजी तेथे कामाला सुरुवात झाली. २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे बरोबर आली. हीच पुढची किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे, आणि त्या स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

वाडी बसवण्यात अनेकांचे हात लागले. रामूअण्णांनी घरे, रस्ते आणि पाणी यांची व्यवस्था पाहिली. शंभुराव जांभेकर इंजिने आणि यंत्रे सांभाळत. मंगेशराव रेगे हिशेब ठेवत. यांतल्या बहुतेकांकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. ते काम करता करता शिकले. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुरुंगवास भोगून आलेल्या दोन माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीचे रखवालदार नेमले. ज्यांच्यावर गावात कोणी विश्वास ठेवत नव्हते, त्यांच्या हाती त्यांनी साऱ्या वस्तीची राखण सोपवली. त्या दोघांनी तो विश्वास पाळला. वाडीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, यावरही लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येणे बंद झाले आणि किर्लोस्करांच्या नांगराची मागणी एकदम वाढली. पण लोखंड, कोळसा, इतकेच काय रंगसुद्धा मिळेनासा झाला. बाजारात गिऱ्हाईक उभे आणि भट्टीत घालायला लोखंड नाही, अशी स्थिती झाली. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या, निकामी तोफा नांगरांसाठी दिल्या, असे सांगितले जाते. तोफ वितळवणे ऐकायला सोपे वाटते. ती गडावरून खाली आणायची, गाडीवर चढवायची आणि कारखान्यात उतरवायची, यातच माणसांचा घाम निघतो. शिवाय अख्खी तोफ भट्टीच्या तोंडात मावत नाही. बिडाचे असे मोठे धूड फोडण्याची ओतकामात एक जुनी रीत आहे. उंच घोडीवर कप्पीने लोखंडाचा जड गोळा वर चढवतात आणि वरून एकदम सोडून देतात. गोळा आदळला की बिडाचे तुकडे होतात.

पुढच्या काळात कारखाना वाढत गेला. नांगराबरोबर उसाचे चरक आणि शेंगा फोडण्याची यंत्रे बनू लागली. आपल्या भागात गोदावरीच्या कालव्यांमुळे ऊस वाढला, तेव्हा गुऱ्हाळांत लोखंडी चरक आले. बैलांनी फिरणारा तो जड चरक एका जागी पक्का बसवणे हेही घोडी-कप्पीचेच काम असे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक निघू लागले. शेतकऱ्यांना अवजारांची माहिती द्यावी, हा त्याचा पहिला उद्देश होता. पुढे ते ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतले नावाजलेले मासिक झाले. लोखंडाच्या कारखान्याने साहित्याचे मासिक चालवावे, हे आपल्याकडेच घडले!

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आले आणि कामात लागले. किर्लोस्करवाडीत पाण्याचे पंप बनू लागले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ बनवण्याचा कारखाना निघाला. ज्या यंत्राजवळ उभे राहून लक्ष्मणराव मुंबईत लोखंड कापायला शिकले होते, ते यंत्र आता त्यांच्याच माणसांच्या हातून देशात तयार होऊ लागले. १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

पंप आले तशी विहिरींवरची मोट बंद पडत गेली. चामड्याची मोट, नाडा, धाव हे शब्द आता म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी ऐकू येतात. विहिरीच्या काठावरची दगडी धारी मात्र अजून अनेक ठिकाणी उभी आहे. आणि विहिरीतला पंप बिघडला की शेतकरी त्याच काठावर तीन पायांची घोडी मांडतो, चेन पुली अडकवतो आणि पंप हळूहळू वर ओढून घेतो.